‘बर्मीज हार्प’: एका जपानी युद्धपटावरचे मतभेद

कोन इचिकावा यांचा ‘द बर्मीज हार्प’ हा जपानी चित्रपट १९५६ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत दोन भागांत जपानमध्ये झळकला. परदेशांसाठी दोन्ही भाग जोडून सुमारे दोन तासांची एक प्रत करण्यात आली. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सान जॉर्जो पुरस्कार मिळाला. ऑस्करमध्ये परभाषेतील चित्रपटांची स्पर्धा प्रथमच सुरू झाली, तेव्हा अंतिम यादीतल्या पाच चित्रपटांत तो होता. पारितोषिक फेलिनी यांच्या ‘ला स्त्राडा’ला गेले. मानसन्मान एवढे मिळाले, तरी प्रेक्षकांचे या चित्रपटाबद्दल कधीच एकमत झाले नाही. युद्धाची व्यर्थता इतक्या हळुवारपणे सांगणारा दुसरा चित्रपट नाही, असे मानणारे पुष्कळ आहेत. जपानी सैन्याने ब्रह्मदेशात केलेले अत्याचार या चित्रपटाने सुरेल गाण्यांखाली झाकून टाकले, असे म्हणणारेही कमी नाहीत. यातला भिक्खू भिक्खूच्या नियमांनी वागत नाही, हा तिसरा आक्षेप बौद्ध देशांतून आला.

नागपूरकरांना यांतला एकही वाद परका वाटण्याचे कारण नाही. कामठीच्या छावणीत उभी राहिलेली एक पलटण ब्रह्मदेशाच्या त्याच मोहिमेत होती. शिवाय चित्रपट निघाला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना धम्मदीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी हे मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे होते.

कथा १९४५ च्या जुलैमध्ये सुरू होते. जपानी फौज ब्रह्मदेशातून थायलंडच्या सरहद्दीकडे माघार घेते आहे. कॅप्टन इनोउए हा संगीत शिकलेला अधिकारी आहे. थकल्याभागल्या सैनिकांना तो समूहगान शिकवतो आणि त्या गाण्यांवर त्यांचा धीर टिकून राहतो. त्याच्या तुकडीतला मिझुशिमा हा शिपाई ब्रह्मदेशी वीणा वाजवायला शिकला आहे. स्थानिक वेश करून पुढची वाट पाहून येण्याचे कामही त्याच्याकडेच आहे. एका खेड्यात शत्रूचा वेढा पडतो. बाहेर राहिलेली दारूगोळ्याची गाडी आत आणता यावी म्हणून सैनिक बेसावध असल्याचे सोंग करून गाऊ लागतात. ते गातात त्या जपानी गाण्याची चाल ‘होम, स्वीट होम’ या इंग्रजी गाण्याची आहे. अंधारातून त्याच चालीवर इंग्रजी शब्द उमटतात. युद्ध तीन दिवसांपूर्वीच संपल्याचे तुकडीला त्या रात्री कळते आणि ती शरण जाते.

पुढे मिझुशिमाला एका डोंगरावर पाठवले जाते. तिथे दुसरी एक जपानी तुकडी अजून लढते आहे. तिचे मन वळवायला त्याला अर्धा तास मिळतो. तुकडीचा प्रमुख आणि सैनिक ऐकत नाहीत, त्याला भेकड ठरवतात आणि तोफांच्या माऱ्यात मरतात. जखमी मिझुशिमाची एक भिक्खू शुश्रूषा करतो. मिझुशिमा त्याचेच चीवर चोरून, भिक्खूच्या वेशात, आपली तुकडी ठेवलेली आहे त्या मुडोनच्या कैदी छावणीकडे चालू लागतो. वाटेत ठिकठिकाणी जपानी सैनिकांची प्रेते उघड्यावर पडलेली त्याला दिसतात. काहींना तो मूठमाती देतो, पण संख्या पाहून हात टेकतो आणि पुढे निघून जातो. मुडोनला एका अनोळखी जपानी सैनिकाच्या कबरीपाशी ब्रिटिश परिचारिका प्रार्थनागीत गाताना दिसतात, तेव्हा मात्र तो मागे फिरतो. सोबती त्याला ओळखतात, त्याच्यासाठी पोपटाला ‘मिझुशिमा, सोबत जपानला जाऊ या’ असे बोलायला शिकवतात. तो परतत नाही. ब्रह्मदेशात राहून मृतांना मूठमाती देत राहण्याचे त्याने ठरवले आहे.

मूळ कादंबरी लिहिणारे मिचिओ ताकेयामा हे टोकियोत जर्मन साहित्याचे अध्यापक होते. त्यांचे अनेक विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून लढाईवर गेले आणि परतले नाहीत. १९४७ मध्ये ‘आकातोम्बो’ या मुलांच्या मासिकात ही कथा क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरलेल्या सैन्यातल्या मेलेल्यांसाठी जपानमध्ये कोणी उघडपणे रडत नव्हते. ताकेयामांनी ब्रह्मदेश पाहिलेला नव्हता. कथा आधी चीनमध्ये घडवण्याचा त्यांचा विचार होता. मात्र जपानी आणि चिनी सैनिकांना दोघांनाही येईल असे गाणे सापडेना. जपानी शाळांतली कितीतरी गाणी मात्र एकोणिसाव्या शतकात इंग्रजी आणि स्कॉटिश चालींवर बेतलेली होती. शत्रू ब्रिटिश हवा, म्हणून युद्धभूमी ब्रह्मदेश झाली. चित्रपटावरचे बरेचसे आक्षेप या एका निर्णयाशी येऊन भिडतात. ब्रह्मदेश या कथेत गाण्याच्या सोयीसाठी आला आणि शेवटपर्यंत एखाद्या पडद्यासारखा मागेच राहिला. कादंबरीत तर नरभक्षक टोळीचाही एक प्रसंग आहे, आणि तो ब्रह्मदेशी वाचकाला अपमानास्पद वाटावा असाच आहे. इचिकावांच्या पत्नी आणि पटकथाकार नात्तो वादा यांनी तो वगळला, हे उत्तम केले.

सर्वांत गंभीर आक्षेप आहे तो मृतांच्या मोजणीचा. मिझुशिमाला दिसणारी प्रेते जपानी आहेत. तो ज्यांना मूठमाती देतो तेही जपानीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेलेल्या ३ लाखांहून अधिक जपानी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक मेले. उपासमार, मलेरिया आणि आमांश यांनीही मोठ्या संख्येने बळी घेतले. तेव्हा नदीकाठी पडलेली प्रेते ही काही दिग्दर्शकाची अतिशयोक्ती नव्हे. पण त्याच भूमीवर इतरही मेले होते. मुडोन हे गाव मोलमेनच्या दक्षिणेला, थानब्यूझयातच्या वाटेवर आहे, आणि थानब्यूझयात हे जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचे ब्रह्मदेशाकडचे टोक. ४१५ किलोमीटरची ती लाइन ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण झाली. तिच्यावर राबलेल्या दोस्त राष्ट्रांच्या सुमारे ६० हजार युद्धकैद्यांपैकी १२ हजारांहून अधिक मेले. सक्तीने नेलेल्या आशियाई मजुरांत तमिळ, ब्रह्मी, मलय आणि जावानी होते. त्यांच्या मृत्यूचा अंदाज ९० हजारांच्या आसपास आहे. हे मजूर कोणत्याही छावणीच्या नोंदवहीत नव्हते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या कबरीही नाहीत.

मोलमेन भागातच कलागोन नावाचे खेडे होते. ७ जुलै १९४५ रोजी, म्हणजे चित्रपटाची कथा जिथून सुरू होते त्याच महिन्यात, जपानी सैनिकांनी आणि त्यांच्या लष्करी पोलिसांनी तिथल्या सहाशेहून अधिक गावकऱ्यांना ठार करून विहिरींत टाकले. त्याबद्दल १९४६ मध्ये रंगूनला युद्धगुन्ह्यांचा खटला चालला. म्हणजे चित्रपट निघण्याच्या दहा वर्षे आधी ही हकीकत न्यायालयात नोंदवली गेली होती. चित्रपटातले ब्रह्मी गावकरी मात्र जपानी तुकडीला जेवू घालतात, तिची गाणी कौतुकाने ऐकतात आणि प्रेतांना मूठमाती द्यायला मिझुशिमाला मदत करतात. कलागोन ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हे दृश्य सहन होत नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही.

चित्रपटाच्या बाजूने बोलणारेही हे अत्याचार नाकारत नाहीत. त्यांचे म्हणणे वेगळे आहे. जपानवरचा अमेरिकेचा ताबा १९५२ च्या एप्रिलमध्ये संपला. त्यानंतरच परदेशांत मेलेल्या सैनिकांच्या अस्थी आणायला सरकारी पथके जाऊ लागली. ब्रह्मदेशाशी जपानने शांततेचा आणि भरपाईचा करार केला तो १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये. इचिकावांना काही चित्रण खुद्द ब्रह्मदेशात करता आले ते या करारानंतर. घरोघरी अशी माणसे होती ज्यांचा मुलगा वा नवरा कुठे पडला हे कोणालाच ठाऊक नव्हते. या घरांशी बोलणारा चित्रपट आपल्याच मृतांपासून सुरू होणे स्वाभाविक होते. डोंगरावरच्या तुकडीचा प्रसंग पाहिला, तर लष्करी मानसिकतेवर चित्रपट किती कठोर आहे ते कळते. मरणे हेच शौर्य मानणारे ते सैनिक युद्ध संपल्यानंतर, कोणाचेही काही साधत नसताना मरतात. शरण जाण्याला भेकडपणा म्हणणाऱ्या शिकवणुकीनेच त्यांचा जीव घेतला, हे तिथे लपवलेले नाही. मिझुशिमाला खरा धडा देणारे प्रार्थनागीतही शत्रूच्या परिचारिकांचे आहे. परक्या सैनिकासाठी त्या गातात, आणि आपल्याच माणसांना उघड्यावर टाकून आपण पुढे आलो, याची त्याला लाज वाटते.

दोन्ही बाजू तोलून पाहिल्या, तर आक्षेपाचे पारडे जड वाटते, पण एका मर्यादेपर्यंतच. मृतांविषयीचे दुःख व्यक्त करणे हा गुन्हा नाही. ते दुःख एकट्या आपल्याच माणसांपुरते ठेवून त्याला साऱ्या मानवतेचे नाव देणे यात मात्र खोट आहे. शत्रूच्या कबरीपाशी गाणाऱ्या परिचारिकांकडून मिझुशिमा शिकतो आणि तरी स्वतः फक्त स्वकीयांच्याच प्रेतांकडे वळतो, ही विसंगती चित्रपटातच पडून आहे आणि तिच्याकडे तो पाहत नाही. इचिकावांना स्वतःलाही या हळवेपणात राहून चालणार नव्हते, असे त्यांचा पुढचा युद्धपट पाहून वाटते. शोहेई ओओका यांच्या कादंबरीवरून त्यांनी १९५९ मध्ये काढलेला ‘फायर्स ऑन द प्लेन’ फिलिपाइन्समधल्या उपाशी जपानी सैनिकांची कथा सांगतो. त्यात सैनिक एकमेकांचे मांस खाण्यापर्यंत जातात आणि ओठांवर गाणे नाही. त्याचीही पटकथा नात्तो वादा यांचीच होती.

भिक्खूविषयीचा वाद त्याहून निराळा आहे. ब्रह्मदेशातल्या थेरवादी परंपरेत साध्या श्रामणेरालाही, म्हणजे नवशिक्या भिक्खूलाही, जी दहा शीले पाळावी लागतात, त्यांत नाच, गाणे आणि वादन यांपासून दूर राहणे येते. चीवर अंगावर घेऊन वीणा वाजवणारा माणूस ब्रह्मदेशात लोकांच्या आदराला पात्र ठरला असता, हे तिथल्या प्रेक्षकाला पटणे कठीण. चोरी तर भिक्खूला संघाबाहेर काढणाऱ्या चार अपराधांपैकी एक आहे, आणि मिझुशिमाचे चीवर चोरीचे आहे. चित्रपटाच्या बाजूने इतके म्हणता येते की मिझुशिमा सुरुवातीला भिक्खू नसतोच. जीव वाचवण्यासाठी घेतलेला वेश हळूहळू त्याचा होतो, आणि हा बदल दाखवणे हाच कथेचा उद्देश आहे. जपानमध्ये बौद्ध पुरोहिताचा मोठा वाटा अंत्यविधींत असतो. मृतांचे संस्कार करणारा तो भिक्खू, ही जपानी प्रेक्षकाच्या ओळखीची प्रतिमा आहे. थेरवादी प्रेक्षकाला मात्र विनय, म्हणजे संघाचे नियम, पाळणारा तो भिक्खू. एकाच धर्माचे दोन देश एकाच माणसाकडे पाहून वेगवेगळे निवाडे देतात ते असे.

नागपुरात या प्रश्नाला तिसरी दिशा आहे. १९५४ च्या डिसेंबरमध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला डॉ. आंबेडकर हजर होते. १९५६ च्या मे महिन्यात तिथेच सहावी बौद्ध संगीती पुरी झाली. त्यानंतर पाच महिन्यांनी नागपूरची दीक्षा झाली. १९५७ मध्ये, डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खूविषयीचा प्रश्न थेट मांडला आहे: बुद्धाने भिक्खू निर्माण केला तो स्वतःला परिपूर्ण करण्यासाठी, की लोकांची सेवा करण्यासाठी? ज्या समाजात हा प्रश्न तीन पिढ्या चर्चिला गेला, त्याला मिझुशिमाचा निर्णय नवा वाटणार नाही. त्याने वीणा वाजवावी की नाही, यापेक्षा तो कोणाची सेवा करतो हे इथे महत्त्वाचे ठरते. मृतांची सेवा करणारा मिझुशिमा जिवंत ब्रह्मी माणसांसाठी, ज्यांची शेते आणि गावे युद्धात गेली त्यांच्यासाठी, काय करतो? चित्रपटात याचे उत्तर नाही. नागपूरच्या दृष्टीने पाहिले, तर विनयाच्या आक्षेपापेक्षा हा आक्षेप अधिक मूलभूत आहे. मायदेश सोडून दुसऱ्या देशात राहिलेला जपानी भिक्खूही या शहराला अनोळखी नाही. १९६० च्या दशकात नागपूरला आलेले भदन्त सुरेई ससाई इथेच राहिले, पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि जिवंत माणसांच्या चळवळीत आयुष्य घातले.

सैन्याच्या बाजूनेही नागपूर जवळच आहे. इंग्रजांनी बंद केलेली महारांची भरती पहिल्या महायुद्धात पुन्हा सुरू झाली आणि युद्ध संपताच थांबली. डॉ. आंबेडकरांच्या प्रयत्नांनंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. तिची पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी १९४२ मध्ये कामठीला. ही दुसरी पलटण ब्रह्मदेशाच्या मोहिमेत गेली. त्याआधी मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेला रोखणाऱ्यांत ४/५ मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान होते. ब्रह्मदेश परत जिंकणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेत भारतीयच बहुसंख्य होते. रंगूनजवळच्या टौकचान येथील स्मारकावर, ज्यांची कबर सापडली नाही अशा सुमारे २७ हजार सैनिकांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतली बहुतेक भारतीयांची आहेत. ‘बर्मीज हार्प’मध्ये या सैनिकांना फारशी जागा नाही, शत्रू म्हणून ऐकू येतो तो इंग्रजी गाणारा गोरा आवाज.

तरीही मराठी प्रेक्षक या चित्रपटातल्या जपान्यांना सरळ शत्रू मानत नाही, कारण आझाद हिंद सेना त्यांच्याबरोबर होती. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी २४ एप्रिल १९४५ रोजी रंगून सोडले आणि झाशी राणी पलटणीच्या मुलींसह बराचसा प्रवास पायी करून मोलमेन गाठले. मिझुशिमाची तुकडी जिथून माघार घेते, तिथून तीन महिन्यांपूर्वी हे भारतीय गेले होते. एका घरात चौदाव्या सेनेतल्या आजोबांची पदके असतात, शेजारच्या घरात नेताजींची तसबीर. ही दोन्ही घरे हा चित्रपट सारख्या मनाने पाहू शकत नाहीत. मराठी माणसाच्या मनातला ब्रह्मदेश तर आणखी जुना आहे. टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात.

परभाषेतला चित्रपट पाहताना उपशीर्षकांतून संवाद कळतात, पण खुणा कळतातच असे नाही. निरोपाच्या वेळी मिझुशिमा वीणेवर जी चाल वाजवतो ती जपानी शाळांत वर्ष संपताना निरोप समारंभात गायली जाते. जपानी प्रेक्षकाला ती ऐकताच कळते की हा परत येणार नाही. इतरांना ती फक्त एक गोड धून वाटते. दुसऱ्या एका प्रसंगात मिझुशिमा पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी गळ्यात अडकवून मिरवणुकीत चालतो. युद्धकाळात सैनिकांच्या अस्थी जपानमध्ये अशाच पेटीतून घरी येत. कॅप्टन इनोउए तेवढ्यावरून ओळखतो की या ब्रह्मी भिक्खूच्या आत एक जपानी आहे. ही खूण ज्याला ठाऊक नाही त्याला कॅप्टनची अस्वस्थता उगाच वाटते, आणि चित्रपट हळवा आहे असे त्याचे मत होते. वीणेच्या बाबतीत मात्र भारतीय प्रेक्षक पुढे आहे. धनुष्यासारखी वाकलेली ही वीणा समुद्रगुप्ताच्या नाण्यावर दिसते आणि भाजे लेण्यातल्या शिल्पातही. भारतातून ती जवळजवळ नाहीशी झाली, ब्रह्मदेशात टिकली.

इचिकावांना चित्रपट रंगीत करायचा होता, पण रंगीत चित्रणाचा अवजड कॅमेरा तेव्हा ब्रह्मदेशात नेणे जमले नाही. ती इच्छा त्यांनी १९८५ मध्ये पुरी केली. रंगीत आवृत्तीचे चित्रण थायलंडमध्ये झाले, पटकथा नात्तो वादांचीच वापरली गेली आणि ब्रह्मी म्हातारीची भूमिका तानिए किताबायाशी यांनीच पुन्हा केली. त्या वर्षीच्या जपानी चित्रपटांत या आवृत्तीने सर्वाधिक कमाई केली. टीका मात्र पहिल्यापेक्षा कडक झाली आणि ती योग्यच होती. १९५६ मध्ये रेल्वेच्या मजुरांविषयी न बोलणे एक वेळ समजून घेता आले असते. तीस वर्षांनंतर, एवढे सगळे छापून आल्यावरही कथा होती तशीच राहिली. त्याच उन्हाळ्यात, १५ ऑगस्ट १९८५ रोजी, पंतप्रधान नाकासोने यांनी यासुकुनी या युद्धमृतांच्या देवस्थानाला अधिकृत भेट दिली आणि चीनमध्ये निदर्शने झाली. मृत सैनिकांची आठवण कशी ठेवावी, हा प्रश्न तेव्हा राजकारणाच्या ऐरणीवर होता, आणि चित्रपटाकडे पाहणाऱ्यांच्या मनातही तो होताच.

दोन्ही आवृत्त्यांपैकी बहुतेक जाणकार आजही कृष्णधवल आवृत्तीलाच पसंती देतात. अकिरा इफुकुबे यांचे संगीत आणि मिनोरू योकोयामा यांचे छायाचित्रण यांमुळे नदीकाठची ती प्रेते रंगांतल्यापेक्षा अधिक खरी वाटतात. कादंबरी हॉवर्ड हिबेट यांच्या इंग्रजी अनुवादात वाचता येते. स्वतःचे मत बनवू पाहणाऱ्या प्रेक्षकाने ‘बर्मीज हार्प’नंतर लगोलग ‘फायर्स ऑन द प्लेन’ पाहावा. एकाच दिग्दर्शकाने तीन वर्षांच्या अंतराने त्याच युद्धाविषयी किती वेगळे म्हटले, ते तेव्हा स्पष्ट होते.